युनियन 'काढायची' की 'बांधायची'? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुकांवर पोट चालतं, पण हँडबिलं, लेटरहेड आणि पावतीपुस्तकंही येतात. कुठे नवी युनियन झाली की आठ-पंधरा दिवसांत तिथलं कुणीतरी दुकानाची पायरी चढतं, कारण वर्गणी गोळा करायची तर पावतीपुस्तक लागतंच. मजकूर सांगताना मंडळी हटकून एकाच ठिकाणी अडतात. कामगारांनी एकत्र येऊन आपली संघटना उभी केली, हे मराठीत नेमकं कसं लिहायचं? इतक्या वर्षांत तेच ते प्रश्न ऐकून शेवटी उत्तरं लिहून काढली. माझा धंदा शब्दांचा आहे. कायद्याचं मला कामापुरतं कळतं, कोर्टकज्जा असेल तर वकील गाठा.

या कृतीला मराठीत एकच असा शब्द आहे का?

नाही. इंग्रजीत 'युनियनाइझ' हे एक क्रियापद सगळीकडे चालतं. मराठीत नाम एक आणि क्रियापदं पाच-सहा: युनियन करणे, काढणे, बांधणे, स्थापणे, उभारणे. शिवाय पुस्तकी 'संघटित होणे' आहेच. मला याची अडचण वाटत नाही, उलट सोय वाटते. कारण क्रियापद ऐकलं की बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कामगारांनी सह्या केल्या. कामगार घरी जाऊन सांगतो, "आम्ही युनियन केलो." (हो, 'केलो'च. सोलापूर आहे.) युनियनचा जुना कार्यकर्ता सांगतो, "तिथं युनियन बांधली." मालक शेजारच्या मालकाला फोनवर म्हणतो, "माझ्याकडं युनियन घुसली हो." दुसरा एखादा म्हणतो, "युनियन लागली," जसं काही लाकडाला वाळवी. गेटसमोरचा चहावाला सावधपणे म्हणतो, "युनियन झाली म्हणे," म्हणजे कुणी केली ते त्याला ठाऊकच नाही. आणि सरकारी पत्रात येतं, "संघटनेची नोंदणी करण्यात आली आहे."

म्हणून कुणी "बरोबर शब्द कोणता?" असं विचारलं की मी आधी विचारतो, हँडबिल कुणाच्या बाजूचं आहे?

'काढणे' आणि 'बांधणे' यात एवढा काय फरक आहे?

शाळा काढतात, पतसंस्था काढतात, दुकान काढतात. 'काढणे' म्हटलं की मागे एक काढणारा दिसतो आणि "कुणी काढली?" हा प्रश्न लगेच येतो. कारखान्यात तो प्रश्न बहुधा चौकशीच्या सुरात येतो. 'बांधणे'मध्ये घर आहे, मोट आहे, वेळ लागणं आहे आणि पुष्कळ हात आहेत.

हे मला शिकवलं ते एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने. वर्धापनदिनाच्या हँडबिलाचं प्रूफ दाखवलं, त्यात मी "अमुक साली युनियन काढली" असं जुळवलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढून 'काढली'वर आडवी रेघ मारली, वर 'बांधली' लिहिलं आणि प्रूफ परत केलं. बोलले काहीच नाहीत. बाकी सगळ्या मजकुरात तेवढी एकच दुरुस्ती होती.

दुसरी अडचण अशी की 'काढणे'चे अर्थ फार. "युनियन काढली म्हणून मालकानं काढलं" या वाक्यातली दोन 'काढणं' एकमेकांशेजारी कशी बसली आहेत ते बघा.

'संघटित होणे' म्हणजेच 'युनियन करणे' ना?

इथे सर्वांत जास्त घोळ होतो.

'संघटित' हा शब्द फार मोठा आहे. गुन्हेगारही संघटित असतात. महाराष्ट्राने १९९९ साली केलेल्या मोक्का कायद्याच्या नावातच 'संघटित गुन्हेगारी' आहे. त्यामुळे नुसतं "कामगार संघटित झाले" लिहिलं तर ते मोर्चापुरते एकत्र आले, पतपेढी काढली की युनियन केली, हे कळत नाही.

खरा सापळा आहे तो 'संघटित क्षेत्र' या शब्दात. त्याचा युनियनशी थेट संबंध नाही. नोंदणी झालेल्या, हजेरीपट असलेल्या, भविष्यनिर्वाह निधी कापणाऱ्या आस्थापना म्हणजे संघटित क्षेत्र. एखाद्या कंपनीत युनियनचं नावही काढायची सोय नसेल, तरी तिथला कामगार 'संघटित क्षेत्रातला'च. याउलट आमच्या भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं युनियनची पावती फाडतात, मोर्चाला पहिल्या रांगेत असतात, पण सरकारी कागदावर त्या 'असंघटित' कामगार. म्हणूनच "असंघटित कामगार संघटना" असं नाव आलं की नवशिका ऑपरेटर हसतो आणि चूक समजून दुरुस्त करायला जातो. ती चूक नाही. असंघटित क्षेत्रातल्या कामगारांची ती संघटना आहे.

भाषांतर करणाऱ्यांना एक विनंती. इंग्रजी बातमीत 'युनियन असलेले कामगार' अशा अर्थाचा शब्द आला तर 'संघटित कामगार' लिहून मोकळे होऊ नका. 'युनियनचे सभासद असलेले कामगार' असं लिहा. लांबतं, पण खरं राहतं.

संघ, संघटना, संघटन, युनियन: यातलं नावात कोणतं घ्यावं?

'संघटन' म्हणजे जुळवण्याची क्रिया, 'संघटना' म्हणजे त्यातून उभी राहिलेली संस्था. "संघटनाचं काम" आणि "संघटनेचं काम" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फरक फक्त एका मात्रेचा. 'संघ' पुल्लिंगी, पण दूध संघही असतो, सहकारी संघही असतो आणि नुसतं 'संघ' म्हटलं की लोकांना भलतीच शाखा आठवते. अनेक संघटनांची मिळून होते ती शिखर संस्था, 'महासंघ'. 'युनियन' स्त्रीलिंगी, आणि ती कामगारांचीच असते, दुसऱ्या कशाची असू शकेल अशी शंका येत नाही. 'संघटना' लिहायचं असेल तर मात्र आधी 'कामगार' लावावं लागतं.

व्यवहारात निवड कामाच्या जागेवरून होते. मिल, यंत्रमाग, विडी इथे 'युनियन'. सरकारी कचेरीत 'कर्मचारी संघटना'. शिक्षक 'संघ' किंवा 'संघटना' म्हणतात. 'शिक्षक युनियन' असं पावतीपुस्तक मी अजून छापलेलं नाही. 'कामगार' आणि 'कर्मचारी' यांच्यातली ही पांढरपेशी रेघ मला फारशी आवडत नाही, पण ती आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमालांच्या संघटनेला 'हमाल पंचायत' म्हटलं. गावाच्या ओळखीचा शब्द उचलला आणि तो रुजलाही.

नाव काही ठेवा, पण एकच ठेवा. एका गटाने सभेच्या ठरावात 'संघ' लिहिलं, अर्जात 'संघटना' आणि माझ्याकडून लेटरहेडवर 'युनियन' छापून घेतलं. कागद परत आले. लेटरहेडची दोन पॅडं रद्दीत गेली. त्यातला निम्मा दोष माझा, कारण ठराव बघायला मागण्याचं मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून मागतो.

'लाल बावट्याची युनियन' असं का म्हणतात? 'झेंडा' का नाही?

'बावटा' म्हणजे निशाण. मुंबईत १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि 'लाल बावटा' हा शब्द गिरणगावातून सगळीकडे पसरला. कम्युनिस्टांच्या युनियनचं ते बोलीतलं नावच होऊन बसलं.

पण सोलापुरात हा शब्द टिकायला आणखी एक कारण असावं, असं मला वाटतं. आमच्या पूर्व भागात मागावरचे आणि विडीवरचे कितीतरी कामगार घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोटकडून आलेले कन्नड बोलतात. तेलुगूत निशाणाला 'बावुटा' म्हणतात, कन्नडमध्ये 'बावुट'. म्हणजे मराठी हँडबिलातला 'बावटा' वाचून दाखवला की तिन्ही घरांत तो आपलाच शब्द वाटतो. 'संघ'ही तसाच: तेलुगूत कार्मिक संघम, कन्नडमध्ये कार्मिक संघ. दुकानात दोन बायका आपसात तेलुगू बोलत असतात, पण त्यातले संघम, बावुटा, मोर्चा, बोनस एवढे शब्द मला कळतात आणि विषयही कळतो.

बावटा 'लावणे' हाही वाक्प्रचार आहे. गेटवर युनियनचा बोर्ड आणि निशाण लागलं की युनियन झाली, असं लोक धरतात. कायद्याच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. गेटच्या दृष्टीने फार आहे.

'संघटीत' की 'संघटित'?

संघटित. टि पहिली. 'युनियन'मधला यु सुद्धा पहिला. चुकीचं छापलं म्हणून युनियन मोडत नाही, पण मास्तर लोक फोन करतात.

युनियन करायला किती जण लागतात?

नोंदणीच्या अर्जावर सह्या करायला सात सभासद. हा आकडा १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून आहे. २००१ च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली: त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत, पण सातापेक्षा कमी नकोत. १९२६ चा कायदा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आकडे तिथेही तेच आहेत, आणि जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या युनियन नव्याखाली नोंदलेल्याच मानल्या जातात.

'किंवा उद्योगातल्या' हे शब्द सोलापूरला फार महत्त्वाचे. इथे एकेका शेडमध्ये मोजके माग, त्यांवर मोजकी माणसं. शेडगणिक युनियन करायची म्हटली तर सात जण जमवतानाच दम निघेल. म्हणून आमच्याकडे युनियन कारखान्याच्या नावाने कमी आणि धंद्याच्या नावाने जास्त: यंत्रमाग कामगारांची, विडी कामगारांची. चादरीचा विणकर मालक बदलतो, शेड बदलतो, पण पावती त्याच युनियनची फाडतो.

नोंदणी झाली. आता मालकाला आमच्याशी बोलावंच लागेल ना?

नाही. नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी, आणि हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ मंडळी तोंडघशी पडतात.

नोंदणीने युनियनला कायदेशीर अस्तित्व मिळतं: स्वतःच्या नावाने खातं, मालमत्ता, दावा. मान्यता म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावरची खुर्ची. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने ही खुर्ची मिळायला सहा महिने सलग किमान ३० टक्के सभासद लागत. कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, त्यात 'प्रातिनिधिक युनियन' ठरायला २५ टक्के. नव्या संहितेत हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करू शकते. तेवढा कुणालाच नसेल तर २० टक्के किंवा जास्त पाठिंबा असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची मिळून वाटाघाटी परिषद बनते.

या फरकाची किंमत काय असते ते मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. पण कायद्याने प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. माणसं एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे. सोलापुरात ज्यांचे भाऊबंद तेव्हा परळ-लालबागला होते, त्या घरांत 'मान्यता' हा शब्द अजून कडवट तोंडाने उच्चारतात.

लेटरहेडवर नोंदणी क्रमांक टाका. 'मान्यताप्राप्त' मात्र मान्यता असेल तरच. उगाच छापू नका, मी छापणारही नाही.

आमचा दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ती युनियन झाली का?

नाही. तो ग्रुप झाला. सभासद नोंद, वर्गणी, नियमावली, पदाधिकारी आणि हिशेब यांच्याशिवाय युनियन होत नाही. ग्रुपमधून युनियन होऊ शकते, डिलिव्हरी करणारी मुलं आजकाल तशीच सुरुवात करतात. पण ग्रुपचा ॲडमिन एका बोटाने माणूस काढतो. युनियनच्या सभासदाला काढायचं तर नियमावली उघडावी लागते.

महाराष्ट्रातली पहिली युनियन कोणती?

नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव सगळे घेतात आणि ते योग्यच आहे. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, मागण्या मांडल्या. त्यांच्या संस्थेचं नाव होतं बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्याच प्रयत्नांतून. नावात 'युनियन' नाही आणि वर्गणीदार सभासदांची आजच्यासारखी रचनाही नव्हती, म्हणून काही अभ्यासक तिला युनियन म्हणायला कचरतात. माझ्या मते शब्द मागाहून आला, काम आधी झालं.

एक लक्षात येईल, की तेव्हाचा शब्द 'मजूर' होता. बाबासाहेबांनी १९३६ साली पक्ष काढला तो 'स्वतंत्र मजूर पक्ष'. पुढे 'कामगार' वर आला आणि 'मजूर' रोजंदारीपुरता उरला. आज मागावरच्या माणसाला 'मजूर' म्हणून बघा, चादर अर्धी टाकून वाद घालायला येईल.

युनियन म्हणजे संपच ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा नवीन कामगाराची आई विचारते. संप हे युनियनच्या हातातलं एक हत्यार, तेही शेवटचं. कामगारांनी काम थांबवलं तर संप, मालकाने गेट बंद केलं तर टाळेबंदी. बातमीत या दोघांची अदलाबदल झाली तर सगळा दोषच इकडून तिकडे जातो. नव्या संहितेत सर्वच उद्योगांना संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरतात, हे 'सामुदायिक रजा' असं गोड नाव छापायला आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पण त्या आईला मी सोलापूरजवळच्या कुंभारीचं उदाहरण देतो. इथले कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि त्यांच्या लाल बावट्याने विडी कामगार बायकांसाठी घरांची मागणी लावून धरली. २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत झाली. त्यानंतर ३० हजार घरांचं रे नगर, त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. या कामाला 'संप' म्हणता येत नाही, 'मोर्चा'ही पुरत नाही. इथे 'बांधणे' हे क्रियापद अक्षरशः विटांचं होतं.

'युनियनबाजी', 'युनियनवाला' हे शब्द अपमानकारक आहेत का?

'बाजी' लागली की शब्द खाली उतरतो: भाषणबाजी, स्टंटबाजी, तसंच युनियनबाजी. 'युनियनवाला' सुरावर अवलंबून. मालकाच्या तोंडी शिवी, भाडेकरू ठेवताना घरमालकाच्या तोंडी शंका आणि रेशनकार्डाचं काम अडलेल्या शेजारणीच्या तोंडी आशा.

युनियन केली म्हणून कामावरून कमी केलं तर?

युनियनचा सभासद झाला म्हणून काढणं, धमकावणं किंवा बदली करणं ही कायद्याच्या भाषेत 'अनुचित कामगार प्रथा' आहे, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. तारखा, साक्षीदार आणि पावती जपा.

हे संरक्षण फुकट आलेलं नाही. मद्रासमध्ये १९१८ साली मद्रास लेबर युनियन उभी राहिली. तिचे नेते बी. पी. वाडिया यांच्यावर बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला. युनियन करणं हाच गुन्हा ठरण्याची वेळ आली. तेव्हा कामगार नेते ना. म. जोशींनी १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव मांडून कायद्याची मागणी केली. तो कायदा यायला १९२६ साल उजाडलं.

हँडबिलात शेवटी काय लिहावं?

'कामगार एकजुटीचा विजय असो' चालतं. 'कोण म्हणतो देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही' ही घोषणा ओरडायला उत्तम, छापायला लांब. तेलुगू ओळ हवी असेल तर कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून आणा, फोनवर सांगू नका.

पावतीपुस्तकाला किती दिवस लागतात?

दोन दिवस. नंबर घालायचे असतील तर तीन. येताना ठरावाची प्रत आणा, आणि संघ, संघटना की युनियन ते घरूनच ठरवून या. माझ्या दुकानात बाक एकच आहे.